झाड उजेडाचे, कुंडी घराची

दसरा उलटला की आपल्याकडे घरे झाडायला, पुसायला आणि रंगवायला सुरुवात होते. माळ्यावरची पितळेची भांडी खाली येतात, चिंच लावून घासली जातात. पडदे धुतले जातात. सोफ्याच्या अभ्र्यांचा रंग भिंतीला शोभतो की नाही यावरून घरात दोन तट पडतात. गेल्या काही वर्षांत दिवाळीच्या खरेदीत आणखी एका गोष्टीची भर पडली आहे. ती म्हणजे घरात ठेवायची झाडे. रस्त्याच्या कडेच्या रोपवाटिकेपुढे स्कूटर थांबते, ‘हॉलच्या कोपऱ्यात शोभेल असे एखादे द्या’ अशी मागणी होते आणि एक हिरवेगार झाड चकचकीत पांढऱ्या कुंडीसह घरी येते. लक्ष्मीपूजनाला ते मोठ्या तोऱ्यात उभे असते. तुळशीच्या लग्नापर्यंत त्याची चार पाने पिवळी पडतात. संक्रांतीला कुंडी तेवढी शिल्लक उरते.

मग घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, “आपल्या हाताला गुण नाही.” हाताच्या गुणाचा येथे काही संबंध नसतो. रोपवाटिकेवाल्यानेही फसवलेले नसते. झाड घेताना आपण पडदा घेतल्यासारखे घेतो, घोटाळा होतो तो तिथे. रंग जुळला, उंची जमली, कोपरा भरला की झाले. पण पडद्याला जेवण लागत नाही. झाडाला लागते आणि त्याचे जेवण म्हणजे उजेड. तेव्हा घर सजवण्यासाठी झाडे आणणाऱ्यांनी एक साधे सूत्र मनाशी बांधावे : झाड निवडावे उजेड पाहून आणि कुंडी निवडावी घर पाहून. सजावटीची सगळी हौस कुंडीवर, जागेवर आणि मांडणीवर फेडून घेता येते. उजेडाच्या बाबतीत मात्र झाड तडजोड करत नाही.

परसदारापासून खिडकीपर्यंत

भाषा शिकवण्याचा व्यवसाय असल्यामुळे मला एका गोष्टीची नेहमी गंमत वाटते. आपल्या जुन्या बोलण्यात प्रत्येक झाडाला त्याचा पत्ता चिकटलेला आहे. दारची तुळस, अंगणातला पारिजात, परसातले अळू, आडाजवळची कर्दळ, कुंपणावरची गोकर्ण. ‘घरातले झाड’ असे कोणी म्हणत नसे, कारण झाड घरात असण्याची गरजच नव्हती. घराला अंगण होते, मागे परसदार होते आणि वाडा असेल तर मधोमध चौक होता. हिरवे काही पाहायचे तर मान वळवली की पुरे.

भिवंडीच्या जुन्या आळ्यांतून कौलारू घरांच्या पुढच्या पायरीशी अजूनही एखादे तुळशीवृंदावन दिसते, मागे शेवग्याचे किंवा पपईचे झाड दिसते. पण शहर वाढले. एका बाजूला यंत्रमागांचे कारखाने, दुसऱ्या बाजूला मुंबई-नाशिक महामार्गालगतची प्रचंड गोदामे आणि मधल्या जागेत उभ्या राहिलेल्या इमारती. काल्हेर, कशेळी, कामतघर या बाजूंना गेले की नव्या वसाहतींच्या रांगा दिसतात. या घरांतून अंगण गॅलरीत आले, पुढे गॅलरीही बंद करून खोलीत घेतली गेली आणि शेवटी उरली ती खिडकीबाहेरची लोखंडी जाळी. त्या जाळीतली तुळस आणि कोरफड म्हणजे आपल्या अंगणाचा शेवटचा तुकडा आहे. शहरातल्या मुलाला बी कसे रुजते, कोवळे पान कसे उलगडते, पाणी जास्त झाले तर काय होते, हे पाहायला तेवढीच जागा राहिली आहे. म्हणूनच घरातले झाड जगते की मरते हा केवळ शोभेचा प्रश्न आहे असे मी मानत नाही. ज्या घरात दर दिवाळीला नवे झाड येते आणि दर संक्रांतीला कचऱ्यात जाते, त्या घरातली मुले जिवंत वस्तूही वापरून टाकायची असते असा धडा नकळत गिरवत असतात.

आधी उजेड पाहावा

उजेड मोजायला कसलेही यंत्र लागत नाही. भर दुपारी, ज्या जागी झाड ठेवायचे तिथे एक कोरा कागद ठेवावा आणि त्यावर वीतभर उंचीवर हात धरावा. सावली काळी, ठसठशीत पडली तर उजेड भरपूर आहे. कडा पुसट पण हात ओळखू येण्यासारखा असेल तर उजेड मध्यम आहे. सावलीच दिसत नसेल तर जागा अंधारी आहे. आणखी एक घरगुती कसोटी सांगते. दिवसा दिवा न लावता जिथे वर्तमानपत्रातला बारीक मजकूर वाचता येत नाही, तिथे कोणतेही झाड फार दिवस नांदणार नाही. त्या कोपऱ्यात समई ठेवावी, एखादे चित्र लावावे, पण झाडाला त्या शिक्षेवर पाठवू नये.

आपल्या भागात खिडकीची दिशा ओळखताना एक विशेष ध्यानात घ्यावे लागते. भिवंडी विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे 19.3 अंशांवर आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत दुपारचा सूर्य आपल्या डोक्याच्या किंचित उत्तरेकडून जातो आणि दक्षिणेच्या खिडकीत दुपारचे ऊन शिरत नाही. दिवाळीनंतर तो दक्षिणेला कलतो. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम 47 अंश वर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन थेट पलंगापर्यंत येते. म्हणजे दिवाळीत सावलीत वाढणारे झाड म्हणून जे दक्षिणेच्या खिडकीशी ठेवाल, त्याची पाने नाताळात भाजतील. पूर्वेची खिडकी सर्वांत गुणी. सकाळचे कोवळे ऊन बहुतेक झाडांना मानवते. पश्चिमेचे ऊन मात्र मार्च-एप्रिलमध्ये भिंतही तापवते, तिथे काटक झाडेच टिकतात.

आता झाडांच्या तीन पंगती मांडू. पहिली पंगत उन्हातली. तुळस, मोगरा, जास्वंद, सदाफुली, गोकर्ण, कढीलिंब यांना रोज निदान चार तास थेट ऊन हवे. त्यांची जागा गॅलरीत किंवा खिडकीच्या जाळीत. दिवाणखान्यात तुळस ठेवली तर श्रद्धा कितीही असली तरी ती झुरते. दुसरी पंगत लख्ख उजेडातली, पण उन्हाबाहेरची. मनी प्लांट, विड्याची पानवेल, रबराचे झाड, अरेका पाम, नेचे आणि आपण ज्याला ब्रह्मकमळ म्हणतो ते, ही मंडळी खिडकीपासून चार-पाच फुटांच्या आत सुखाने राहतात. तिसरी पंगत कमी उजेडातली. उभ्या तलवारीसारख्या पानांचा स्नेक प्लांट, मेणचट पानांचा झीझी आणि ठिपक्यांच्या पानांचा अ‍ॅग्लोनिमा. पानांवर पांढरे-पिवळे पट्टे जितके अधिक, तितका त्या झाडाला उजेड अधिक लागतो, कारण अन्न तयार करते ते पानातले हिरवे. हे सूत्र लक्षात ठेवले तर रोपवाटिकेत नाव ठाऊक नसलेले झाडही निवडता येते.

आपल्या दिवाणखान्यातले हे बहुतेक पाहुणे परदेशी आहेत. मनी प्लांट मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटाचा, अरेका पाम मादागास्करचा, स्नेक प्लांट पश्चिम आफ्रिकेचा. रात्री उमलणारे आपले ‘ब्रह्मकमळ’ही मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतले निवडुंग आहे. हिमालयातले खरे ब्रह्मकमळ निराळेच. यातली बरीच झाडे मोठ्या अरण्यांच्या सावलीत वाढणारी असल्यामुळेच ती आपल्या खोल्यांत तग धरतात.

अंधाऱ्या कोपऱ्यातही हिरवे हवेच असा आग्रह असेल तर त्यावर एक उपाय आहे आणि तो भिवंडीकरांना लगेच समजेल. यंत्रमागावर जशी दिवसपाळी आणि रातपाळी, तशी झाडांचीही पाळी लावावी. एकाच जातीची दोन झाडे एकाच मापाच्या कुंड्यांतून आणावीत. एक कोपऱ्यात, दुसरे खिडकीशी. दर आठवड्याला त्यांची अदलाबदल करावी. पाहुण्याला कोपरा नेहमी भरलेला दिसतो आणि झाडालाही आलटून पालटून उजेडाची सुटी मिळते.

आपल्या गावची हवा

शोभेच्या झाडांवरची मासिके आणि मोबाइलवरची चित्रे बहुधा दुसऱ्याच हवामानातली असतात. आपली हवा निराळी. जून ते सप्टेंबर कोकणचा पाऊस आणि ओल, ऑक्टोबरात उकाडा, एप्रिल-मेमध्ये ऊन आणि घाम. त्यात भिवंडीची आणखी एक खासियत आहे. मागांतून सुटणारे कापसाचे बारीक तंतू आणि मालमोटारींनी उडवलेली धूळ. कारखान्याजवळच्या घरांतून सकाळी पुसलेल्या टेबलावर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. हेच तंतू पानांवर बसतात आणि झाडापर्यंत पोचणारा उजेड अडवतात.

म्हणून अशा घरांनी झाड घेताना पानावरून बोट फिरवून पाहावे. गुळगुळीत, जाड, मेणचट पान ओल्या फडक्याने एका फटक्यात पुसता येते. रबर, झीझी, स्नेक प्लांट ही त्या जातीची. लव असलेली, मखमली पाने फार सुंदर दिसतात, पण तंतू त्यांच्यात असे अडकतात की पुसताना पान फाटते. नाजूक नेचे घ्यायचेच असतील तर ते न्हाणीघराच्या उजेडाच्या खिडकीत ठेवावेत. तिथे ओल मिळते आणि आठवड्यातून एकदा हलक्या धारेखाली धुताही येतात.

येथे एक सावधगिरी हवी. पिठ्या ढेकूण नावाची कीड पानाच्या बेचक्यात अगदी कापसाच्या बोंद्रीसारखी दिसते. भिवंडीत ती तंतूच समजून सोडून दिली जाण्याचा संभव फार. फुंकर मारून पाहावी. उडून गेला तर तंतू, चिकटून राहिला आणि पानाला चिकटपणा असेल, मुंग्यांची ये-जा दिसत असेल, तर कीड. साबणाच्या सौम्य पाण्यात भिजवलेल्या बोळ्याने ती पुसून काढावी आणि ते झाड इतरांपासून आठवडाभर दूर ठेवावे.

गावच्या हवेप्रमाणे घरातली झाडे बदलतात हा काही आपलाच अनुभव नाही. एकोणिसाव्या शतकात लंडन शहर कोळशाच्या धुराने काळवंडले होते. तिथल्या नॅथॅनियल वॉर्ड नावाच्या डॉक्टरच्या बागेतले नेचे धुराने मरत होते. 1829 च्या सुमारास एका बंद बाटलीत पतंगाचा कोष ओल्या मातीवर ठेवलेला असताना त्या मातीतून नेच्याचा कोंब वर आलेला त्याला दिसला. त्यावरून त्याने काचेच्या बंद पेट्या बनवल्या आणि 1842 मध्ये त्यांवर पुस्तक लिहिले. या पेट्यांतून पुढे चीनमधली चहाची रोपे समुद्रमार्गे हिंदुस्थानात आली. लंडनच्या ज्या घरांना पेटी परवडत नसे, त्यांनी धूर, अंधार आणि दिव्यांचा गॅस सोसणारे अ‍ॅस्पिडिस्ट्रा हे झाड जवळ केले. त्या काळच्या मध्यमवर्गीय दिवाणखान्याची ती खूणच होऊन बसली. धुरात जगेल ते लंडनकरांनी निवडले, तंतूंत आणि ओलीत जगेल ते आपण निवडावे.

आता घराकडे पाहू

उजेड पाहून दोन-चार नावे नक्की झाली की मग घराचे वळण पाहावे. आपल्याकडची घरे साधारणतः चार वळणांची असतात.

पहिले जुन्या वळणाचे घर. शिसवी कपाट, पितळी कड्यांचा झोपाळा, भिंतीवर पूर्वजांच्या तसबिरी. अशा घराला खापरी रंगाची भाजकी कुंडी जितकी शोभते तितकी दुसरी कोणतीच नाही. तिला गेरूचा हात देऊन काठावर पांढऱ्या रंगाने रांगोळीची वेलबुट्टी काढली की दिवाळीला वेगळी सजावट नको. माळ्यावरचे घंगाळ किंवा तांब्याचा हंडाही वापरावा, पण त्यात माती भरू नये. मुळांना तांब्याचा अंश अपाय करतो आणि भांडेही कळकते. झाड साध्या कुंडीत ठेवून ती कुंडी घंगाळात उतरवावी. अशा घरात पानवेल, नेचे, ब्रह्मकमळ अशी ओथंबणारी झाडे खुलतात. जड लाकडाच्या सरळ कडा त्यांच्या लवचिक रेषांनी मऊ होतात.

दुसरे नव्या वळणाचे साधे घर. पांढऱ्या भिंती, बुटका सोफा, मोजके सामान. येथे पाच लहान कुंड्यांची गर्दी करण्यापेक्षा एकच भारदस्त झाड ठेवावे. रबराचे झाड किंवा स्नेक प्लांट. कुंडी पांढरी, राखी किंवा काळी, नक्षीशिवाय. कुंडीची उंची झाडासकट सगळ्या उंचीच्या साधारण एक तृतीयांश असावी. बुटक्या कुंडीत उंच झाड कलंडल्यासारखे दिसते आणि बऱ्याचदा खरोखरच कलंडते.

तिसरे भरगच्च घर, म्हणजे आपल्यातल्या पुष्कळांचे. फुलांचे पडदे, कोरीव सोफा, काचेच्या कपाटात मुलांचे करंडक आणि सहलींहून आणलेल्या वस्तू. यात लाजण्यासारखे काही नाही, घर जगते म्हणून भरते. पण येथे नियम साडी-पोलक्याचा लावावा. नक्षीदार साडीवर साधे पोलके शोभते. तेव्हा रंगीबेरंगी क्रोटन येथे नको, गडद हिरव्या एकरंगी पानांचे झाड घ्यावे. पडद्यातला एक रंग उचलून तोच कुंडीला द्यावा. सारा पसारा एकदम एका सुरात आल्यासारखा वाटतो. उलट भिंती आणि पडदे एकरंगी असतील तर क्रोटन किंवा ठिपक्यांचा अ‍ॅग्लोनिमा खुशाल आणावा.

चौथे दोन खोल्यांचे घर, जिथे जमिनीवर कुंडी ठेवली तर रात्री अंथरूण कुठे घालावे हा प्रश्न पडतो. अशा घराने जमीन सोडून भिंत, खिडकी आणि छत पाहावे. खिडकीच्या वरच्या कडीला टांगलेला मनी प्लांट चौकटीवरून फिरवता येतो. स्वयंपाकघराच्या उन्हाच्या खिडकीत पानओवा, गवती चहा, पुदिना लावावा. चहाला, भजीला आणि मुलांच्या खोकल्याला उपयोगी पडतो. कुंड्या विकत घ्यायलाच हव्यात असे नाही. तेलाचे रिकामे डबे घ्यावेत, पण सगळे एका मापाचे, बुडाला भोके पाडलेले आणि एकाच रंगाने रंगवलेले. एकसारखेपणा हीच गरिबातली उत्तम सजावट आहे. सहा डबे सहा रंगांचे असले की ते डबेच दिसतात, सहाही एका रंगाचे झाले की मांडणी दिसते.

कुंडीचे गुणदोष

‘कुंडी’ हा शब्द संस्कृत ‘कुंड’चे धाकटे रूप. कुंड म्हटले की पाणी साठवणे आले. झाडाची कुंडी मात्र पाणी सोडणारी हवी. बुडाला भोक नसलेल्या देखण्या भांड्यात मुळे कुजतात. घरातली झाडे तहानेपेक्षा अति पाण्यानेच अधिक मरतात. बोट पेरभर मातीत खुपसून पाहावे. ओल लागली तर पाणी घालू नये.

भाजक्या मातीची कुंडी घाम गाळते. तिच्या अंगातून पाणी झिरपून उडते, मुळांना हवा मिळते. आपल्या ओलसर हवेत आणि सढळ हाताने पाणी घालणाऱ्या घरात हीच कुंडी सर्वांत सुरक्षित. तिच्या अंगावर पांढरे डाग येतात ते पाण्यातल्या क्षारांचे. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातून बाहेर सोडलेल्या पाण्यात हे क्षार अधिक असतात, म्हणून ते रोज झाडांना घालू नये. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी क्षाररहित असते, तांदूळ-डाळ धुतलेले पाणीही चालते. नळाला पाणी ठराविक वेळीच येते अशा घरांना ही बचत मोलाची आहे. प्लास्टिकची कुंडी हलकी आणि स्वस्त. ओल धरून ठेवते, म्हणून वारंवार पाणी घालायला सवड नसलेल्या नोकरदार घरांना सोयीची, पण तिच्यात पाणी निम्मेच घालावे. चिनी मातीची कुंडी देखणी. तिचा उपयोग घंगाळासारखा, बाहेरचे वेष्टन म्हणून करावा.

मातीच्या कुंडीची निवड करताना तिच्यामागचे हातही आठवावेत. मुंबईत धारावीचा कुंभारवाडा सौराष्ट्रातून आलेल्या कुंभारांनी वसवला. तिथल्या भट्ट्यांतून कापसाचा आणि चिंध्यांचा टाकाऊ माल जळण म्हणून वापरला जातो. दिवाळीआधी त्याच चाकांवरून पणत्या उतरतात आणि उरलेले वर्षभर माठ आणि कुंड्या. पणतीच्या खरेदीबरोबर दोन कुंड्या घेतल्या तर एका फेरीत दोन्ही कामे होतात. घेताना बोटाच्या पेराने टिचकी मारावी. खणखणीत वाजली तर नीट भाजलेली, बद्द वाजली तर तडा किंवा कच्ची.

तीन गोष्टींत हयगय नको

पहिली गोष्ट वजनाची. बारा इंचांच्या कुंडीत ओली माती भरली की तिचे वजन पंचवीस-तीस किलो होते. अशा दहा कुंड्या म्हणजे गॅलरीच्या टोकावर कायमची उभी असलेली चार-पाच माणसे. भिवंडीत 2020 च्या सप्टेंबरात इमारत कोसळून माणसे गेली, ते दुःख गाव विसरलेले नाही. त्या दुर्घटनेचा कुंड्यांशी काही संबंध नव्हता. पण जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी बाहेर झुकलेल्या गॅलरीवर वजन वाढवू नये हे शहाणपण त्यातून घ्यायला हरकत नाही. हलक्या कुंड्या, मातीत निम्मा नारळाच्या काथ्याचा भुसा आणि जड कुंडी ठेवायचीच तर भिंतीला लागून. खिडकीच्या कठड्यावर मोकळी कुंडी कधीही ठेवू नये, खालून माणसे जात असतात.

दुसरी गोष्ट डासांची. डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात वाढतो. कुंडीखालची ताटली आणि मनी प्लांटची बाटली या त्याच्या आवडत्या जागा. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून दर आठवड्याला ताटली नुसती ओतून न टाकता घासून धुवावी, कारण अंडी कडेला चिकटतात आणि कोरड्यातही महिनोन्महिने टिकतात. शनिवार-रविवारी हे काम मुलांकडे सोपवावे.

तिसरी गोष्ट लहान मुलांची. डिफेनबाकिया नावाचे पांढऱ्या ठिपक्यांचे देखणे झाड पुष्कळ घरांत असते. कच्चे अळू खाल्ल्यावर घसा ज्यामुळे खाजतो तेच सुईसारखे स्फटिक त्याच्या पानात आणि दांड्यात असतात. मुलाने चावा घेतला तर जीभ सुजते. मनी प्लांटमध्येही हा गुण थोडा आहेच. रांगते मूल असेल तर अशी झाडे टांगून ठेवावीत आणि दुधाळ चिकाची कण्हेर घरात आणूच नये.

हवा शुद्ध होते काय?

रोपवाटिकेत आणि मोबाइलवर एक वाक्य सर्रास ऐकू येते : ‘हे झाड घरातली हवा शुद्ध करते.’ या समजुतीचे मूळ अमेरिकेच्या नासा संस्थेने 1989 मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात आहे. तो अभ्यास खोटा नव्हता, पण तो लहान बंद पेट्यांतून केलेला होता. आपल्या घराला दारे-खिडक्या असतात. अशा अनेक प्रयोगांचा हिशेब 2019 मध्ये पुन्हा मांडला गेला, तेव्हा असे दिसले की नेहमीच्या हवेच्या येण्याजाण्याने जितकी शुद्धी होते तितकी झाडांकडून हवी असेल तर जमिनीच्या दर चौरस मीटरला निदान दहा झाडे लागतील, कदाचित हजारही. म्हणजे दहा बाय बाराच्या खोलीत कमीतकमी शंभराहून अधिक झाडे. मग माणसांनी राहायचे कुठे? तेव्हा धुळीला, धुराला आणि तंतूंना उपाय म्हणून झाडावर भिस्त ठेवू नये. त्यासाठी ओल्या फडक्याने फरशी पुसावी आणि वारा चांगला असेल त्या वेळी खिडक्या उघडाव्यात. झाड डोळ्याला थंडावा देते, घरात एक नियमित काम देते, ते पुरेसे आहे. औषध म्हणून आणलेले झाड गुण आला नाही की नकोसे होते.

या दिवाळीला

तर मग या वर्षी खरेदीला निघण्यापूर्वी दुपारी कागद आणि हात घेऊन घरभर एक फेरी मारावी. कुठे ठसठशीत सावली, कुठे पुसट, कुठे काहीच नाही, हे एका चिठ्ठीवर लिहावे. मुंबईला जाणे होत असेल तर भायखळ्याच्या राणीच्या बागेत जाऊन यावे. 1862 मध्ये खुल्या झालेल्या त्या बागेत, कुंडीत आपण वीतभर पाहतो ती कित्येक झाडे पूर्ण वाढलेली कशी दिसतात ते कळते. हिवाळ्यात तिथे भरणारे झाडा-फुलांचे प्रदर्शन किंवा पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन मुलांना अवश्य दाखवावे. मग रोपवाटिकेत जावे आणि ‘कोपऱ्यात शोभेल असे द्या’ म्हणण्याऐवजी ‘माझी खिडकी पूर्वेची आहे, ऊन दहापर्यंत असते’ असे सांगावे. जाणता माळी लगेच ओळखेल की गिऱ्हाईक झाड जगवणारे आहे.

आणलेले झाड पहिले पंधरा दिवस त्याच्याच पिशवीत राहू द्यावे. हिरव्या जाळीखालून आपल्या खोलीत येताना त्याला उजेडाचा मोठा फरक सोसायचा असतो. त्या काळात चार पाने गळली तर घाबरू नये आणि लगेच पाणी, खत, नवी कुंडी असा भडिमारही करू नये. नव्या नवरीला सासरी रुळायला आपण जेवढा वेळ देतो, किंवा द्यायला हवा, तेवढा त्यालाही द्यावा. दिवाळीत पणत्या कुंडीच्या काठावर न ठेवता दोन हात दूर ठेवाव्यात.

आणि सुरुवात एकाच झाडाने करावी. ते पुढच्या दिवाळीपर्यंत टिकले, त्याला नवे पान फुटलेले मुलांनी मोजले, की दुसरे आणावे. घराची शोभा अशी वर्षावर्षाने चढत जाते. नव्या रंगाची भिंत पुढच्या पावसात ओल धरील, पडदे विटतील, सोफ्याचे अभ्रे पुन्हा बदलावे लागतील. घरातल्या साऱ्या सामानात वर्षागणिक जुनी न होता वाढत जाणारी गोष्ट एकच असते आणि तिला आपल्याकडून हवा असतो तो खिडकीतला थोडा उजेड व आठवड्यातली दहा मिनिटे.